विषय क्रमांक दोन

कॉलनीच्या बैठकीत त्या रविवारी दोनच विषय होते. पहिला, ओपन स्पेसमध्ये ओपन जिम. कुणाच्या तरी फंडातून पैसे मंजूर झाले होते, मशीन कुठली घ्यायची तेवढं ठरवायचं होतं. दुसरा, मागच्या कंपाउंडच्या भिंतीला पडलेलं भगदाड बुजवायचं. कांदाभजीचा दुसरा घाणा यायच्या आत दोन्ही विषय एकमतानं मंजूर झाले. पहिल्यावर टाळ्या पडल्या, दुसऱ्यावर कुणीतरी "बरं झालं, एकदाचं मिटलं" म्हणालं. मी पेशानं फिजिओथेरपिस्ट, त्यामुळं पहिल्या विषयावर माझं मत आवर्जून विचारण्यात आलं. एअर वॉकर बरा की ट्विस्टर, ज्येष्ठांसाठी काय, बायकांसाठी काय. दुसऱ्या विषयावर कुणी विचारलं नाही. भिंतीचा आणि गुडघ्याचा काय संबंध? पण घरी येऊन भाजी निवडायला बसले तरी ते डोक्यातून जाईना. एकाच बैठकीत, एकाच वहीत, एकाच हस्ताक्षरात आम्ही लोकांनी हालचाल करावी म्हणून लोखंड विकत घेतलं होतं आणि लोक रोज जिथून चालत जातात ती वाट बंद केली होती.

भगदाड म्हणजे काही फार मोठं नव्हे. खालच्या विटा पावसात सुटल्या, वरच्या कुणीतरी हातानं काढल्या, आणि तिरकं होऊन जाता येईल एवढी फट झाली. तिच्या दोन्ही अंगांना सिमेंट घासून गुळगुळीत झालंय. पलीकडं दुसऱ्या लेआउटचा कच्चा रस्ता, तिथून चार पावलांवर दुधाची डेअरी, मारुतीचं देऊळ, प्राथमिक शाळा आणि केएमटी बसचा थांबा. त्या फटीतून सकाळी किटली हलवत आजोबा लोक जातात, दप्तर आधी पलीकडं फेकून मग पोरं जातात, धुण्याभांड्याच्या बायका पदर सावरून येतात. फट बुजली की या सगळ्यांनी पुढच्या गेटातून बाहेर पडायचं, गारगोटी रस्त्याला लागायचं, उसाच्या जोड-ट्रॉल्या अंगाला घासून जात असताना कडेच्या धुळीतून चालायचं आणि वळसा घालून तिथंच पोचायचं. पाच मिनिटांची वाट वीस मिनिटांची होणार. आणि मी कोल्हापूरकरांना ओळखते. वीस मिनिटांची झाली की गाडीला किक बसणार.

हे असं का होतं, ते मला समजावून सांगितलं शेजारच्या बंगल्यातल्या सुनेनं. मुलगी आर्किटेक्ट, पुढं टाऊन प्लॅनिंग शिकलेली, आणि कॉलनीत नवीन असल्यामुळं बैठकीत गप्प बसलेली. तिनं कागदावर चौकोन काढून दाखवले. शहर कडेनं वाढतं ते एकेका गट नंबरानं. एकाचं शेत एन. ए., म्हणजे बिगरशेती, होतं, तो त्याच्यापुरता लेआउट मंजूर करून घेतो. आतला रस्ता त्याच्या हद्दीपर्यंत जातो आणि भिंतीला टेकून संपतो. शेजारच्याचं शेत दहा वर्षांनी एन. ए. होतं, त्याचा रस्ता पलीकडून येऊन त्याच भिंतीला टेकतो. प्रत्येक नकाशा स्वतःपुरता नियमात. एक एकराच्या आसपास, म्हणजे ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठी जागा असली तर १० टक्के खुली जागा सोडायची, तीही सोडलेली. फक्त या नकाशातून त्या नकाशात पायी कसं जायचं, ते विचारणं कुणाचंच काम नव्हतं. "ताई, ते काम लोकांनी पहारीनं केलंय," ती म्हणाली. मला ती मुलगी तिथंच आवडली.

मी शिवाजी पेठेत वाढले. तिथं कुणी आम्हाला चालायला सांगितल्याचं आठवत नाही. चालण्यावाचून इलाजच नव्हता, आणि चालण्यात काही विशेष आहे असं वाटायचं कारणही नव्हतं. आमच्या घराच्या मागच्या दारातून बोळात उतरलं की बोळ दुसऱ्या गल्लीत, गल्ली तिकटीवर, तिकटीवरून हवं तिकडं. उभा मारुती चौकातून निघून निवृत्ती चौकात जायला निदान चार वाटा, आणि कुठल्या वाटेनं जायचं हे कुणाच्या घरातून कसला वास येतोय त्यावर ठरायचं. अंबाबाईच्या देवळातून मंगळवारी येताना आई महाद्वार रोडनं यायची, शुक्रवारी आत-आतून. वडील पहाटे गंगावेशीत दूध कट्ट्यावर चालत जायचे. म्हैस समोर पिळायची, फेसाळ पेला उभ्याउभ्या प्यायचा, ओठावरचा फेस पुसायचा आणि परत. येताना रंकाळ्यावर चक्कर. हा व्यायाम होता का? त्यांना विचारलं असतं तर ते हसले असते. व्यायाम म्हणजे तालीम.

आणि तालीम गल्लीच्या तोंडावरच. हे मला आता, इतक्या वर्षांनी, पेशंट तपासता तपासता कळतंय की पेठेच्या रचनेतली सगळ्यात मोठी गोष्ट ती होती. तालमीला जायला कुठं जावं लागत नव्हतं. हळद, ताक, तेल घालून मळलेल्या लाल मातीचा वास आमच्या शाळेच्या रस्त्यावरच यायचा. आत शड्डूचा आवाज, बाहेर पायऱ्यांवर म्हातारी माणसं पेपर वाचत बसलेली. त्याच तालमीचा गणपती, मोहरमला त्याच तालमीत पंजे, आणि त्याच तालमीची फुटबॉल टीम. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावं बाहेरगावच्या माणसाला कुस्तीची वाटतात आणि शाहू स्टेडियमवर पोरं त्यांच्या नावानं फुटबॉलसाठी घसा फोडत असतात. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान बांधलं तेही गावाबाहेर माळावर नाही, जुन्या राजवाड्यापासून चालत जाता येईल असं. शेजारी नाटकाचं थिएटर. कुस्ती सुटली की माणूस पायी घरी. गांधी मैदान म्हणजे मूळचं वरुणतीर्थ तळं, शाहू स्टेडियमच्या जागी रावणेश्वराचं तळं. तळी बुजवून मैदानं झाली याचं मला कौतुक वाटत नाही. पावसाळ्यात गांधी मैदानात अजून पाणी साचतं, तळं आपली जागा विसरत नाही. पण ती मैदानं पेठेच्या पोटात होती, पोरांना कुणी सोडायला-आणायला लागत नव्हतं, हेही खरं.

एवढं लिहून झाल्यावर थांबायला हवं, कारण पेठेच्या आठवणींना आम्ही पेठेतले लोक लगेच गूळ लावतो.

त्या तालमीच्या आत मी कधी गेले नाही. पायरीवरसुद्धा बसले नाही. आईला वडिलांच्यासारखं 'चक्कर मारून येतो' म्हणत बाहेर पडलेलं मी पाहिलं नाही. ती बाहेर पडायची ती पिशवी घेऊन, देवीची ओटी घेऊन, नाहीतर कुणाच्या तरी मयताला. हातात काहीतरी कारण असल्याशिवाय बाईनं रस्त्यावर असणं पेठेला मंजूर नव्हतं. चालायची भरपूर, पण ते चालणं तिचं नव्हतं. २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी देशोदेशीचे आकडे एकत्र करून मांडले. त्यात २०२२ साली भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल न करणारे निघाले. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, बायकांत ५७. माझ्या टेबलावर येणाऱ्या बायका बघितल्यावर त्या आकड्याचं मला नवल वाटलं नाही. "दिवसभर उभीच असते की ओ मी," म्हणतात, आणि ते खोटं नसतं. पण ओट्यापासून मोरीपर्यंत उभं असणं वेगळं आणि आठवड्याला निदान दीडशे मिनिटं छाती भरेल असं चालणं वेगळं. त्यांना मी चालायला सांगते तेव्हा त्या मान हलवतात, चप्पल घालतात, आणि गेटाबाहेर येऊन थांबतात. पुढं काय? कुठं? दिवे नाहीत, बसायला कट्टा नाही, कुत्री आहेत, कोपऱ्यावर गाड्या लावून उभी असलेली पोरं आहेत, आणि अर्ध्या तासात लघवीला लागली तर जायला जागा नाही. हे शेवटचं कारण मला कुठल्याही बाईनं पहिल्या भेटीत सांगितलेलं नाही. ते तिसऱ्या-चौथ्या भेटीत, मशीनचा आवाज चालू असताना, हळूच कळतं.

म्हणूनच 'लोकांना चालायचा कंटाळा आलाय' हे निदान मला पटत नाही. आषाढीला अख्खं कोल्हापूर नंदवाळच्या विठ्ठलाला चालत जातं. वाटेतल्या पुईखडीच्या रिंगणात साठी उलटलेल्या माणसांना मी पळताना पाहिलंय, आणि त्यातल्या काहींच्या गुडघ्यांचे एक्स-रे माझ्याकडं आहेत. जोतिबाला चालत जाणारे आहेत, नवरात्रात पहाटे अनवाणी अंबाबाईला जाणारे आहेत. कंटाळा असता तर हे झालं नसतं. पण हे सगळं सणाचं चालणं. आणि रोजचं म्हणाल तर रंकाळा आहे, विद्यापीठाचा परिसर आहे. तिथं सकाळी साडेपाचला गाडी लावायला जागा मिळत नाही. गाडीवरून जायचं, चालायचं, गाडीवरून यायचं, येताना भडंग. मी यांना हसत नाही, मीही जाते. रंकाळ्याच्या पाण्यावरून येणारा तो गार, जरासा शेवाळी वारा अंगावर घ्यायला मी दुप्पट लांबही जाईन. पण ज्याच्याकडं गाडी नाही, किंवा जिला गाडी येत नाही, तिचा रंकाळा कुठं?

मी त्या मुलीला लंडनच्या बसची गोष्ट सांगितली. आम्हाला कॉलेजात पहिल्याच वर्षी सांगतात. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरनं १९५३ साली 'द लॅन्सेट'मध्ये मांडलं होतं: त्याच डबलडेकर बसमध्ये, त्याच धुरात, ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर जिना चढत-उतरत. कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता, आणि झालाच तर उशिरा, त्यातही सौम्य. त्या कंडक्टरांपैकी कुणीही तब्येतीसाठी जिना चढत नव्हता. तिकीट वरच्या मजल्यावर होतं म्हणून चढत होता. मग तिनं मला तिच्याकडची गोष्ट सांगितली. २०१६ साली त्याच 'लॅन्सेट'मध्ये दहा देशांतल्या चौदा शहरांचा अभ्यास आला होता, कमरेला यंत्र बांधून लोकांची हालचाल मोजलेली. दाट वस्ती, एकमेकांना वारंवार छेदणारे रस्ते, जवळ बसचे थांबे, चालत जाता येतील अशा बागा. या गोष्टी जिथं सर्वांत जास्त तिथले लोक सर्वांत कमी असलेल्या वस्त्यांपेक्षा आठवड्याला ६८ ते ८९ मिनिटं जास्त हालचाल करत होते. दीडशे मिनिटांतली निम्मी इथंच झाली की! भारतातलं एकही शहर त्या चौदांत नव्हतं. पण ती यादी वाचताना माझ्या डोळ्यांपुढं शिवाजी पेठच आली, आणि तिच्या डोळ्यांपुढं राजारामपुरी. तिचं माहेर तिथलं. नंबरानं मांडलेल्या गल्ल्या, प्रत्येक गल्ली पुढच्या रस्त्याला मिळणारी, कोपऱ्यावर काहीतरी खायला. आखून बसवलेली वस्ती असली तरी चालती राहते याचा तो पुरावा, असं तिचं म्हणणं. पेठेतली असल्यामुळं मी अर्थातच लगेच मान्य केलं नाही.

मग आम्ही दोघी जे करायला लागलो त्याला 'कॉलॅबरेशन' म्हणण्याइतकं ते झकपक नव्हतं. संध्याकाळी ती टेप आणि वही घेऊन यायची, मी माझे पेशंट डोक्यात घेऊन. ती रस्त्याची रुंदी बघायची, मी पायरीची उंची. फूटपाथ म्हणून जे बांधलेलं आहे ते प्रत्येक बंगल्याच्या गेटाशी खाली उतरतं आणि पुन्हा वर चढतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला चढणं जमतं, उतरणं जमत नाही, म्हणून ती खाली डांबरावरूनच चालते आणि गाडीवाले तिच्यावर ओरडतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२च्या सूचनांत फूटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि चालायला १.८ मीटर मोकळी रुंदी हवी असं साफ लिहिलंय, हे मला तिच्याकडून कळलं. १५० मिलिमीटर म्हणजे आमच्या क्लिनिकमधल्या सरावाच्या पायरीएवढं. दोन वेगळ्या खात्यांतली माणसं एकाच आकड्यावर येऊन पोचलेली आणि एकमेकांना भेटलेली नाहीत. तिला हे ठाऊक नव्हतं की पार्किन्सनचा पेशंट अरुंद जागेशी आला की पाय जमिनीला चिकटल्यासारखा अडकतो. मला हे ठाऊक नव्हतं की खेळाच्या मैदानाचं आरक्षण नकाशावर हिरवं रंगवलं म्हणून मैदान होत नाही; शहराचा विकास आराखडा लागू होऊन दहा वर्षांत जागा ताब्यात आली नाही तर मालक १९६६च्या महाराष्ट्र नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो आणि मुदतीत हालचाल झाली नाही तर आरक्षण उडतं. ती हे अगदी सरळ आवाजात सांगायची. मला मात्र त्या वेळी दिसायची ती गल्लीतल्या पार्क केलेल्या गाड्यांमधून क्रिकेट खेळणारी पोरं.

विकास आराखड्यावर हरकती आणि सूचना मागवतात, सुनावणी होते. तिथं कोण जातं तेही तिनं सांगितलं. ज्याच्या जागेवर आरक्षण पडलंय तो जातो, ज्याच्या दारातून रस्ता जाणार तो जातो, आणि त्यांनी जायलाच हवं. पण दप्तर भिंतीपलीकडं फेकणारं पोरगं जात नाही. किटलीवाले आजोबा जात नाहीत. नकाशावर १२ मीटरचा, १८ मीटरचा रस्ता असतो. तिरकं होऊन जायच्या वाटेला रेघ नसते, त्यामुळं ती मिटवली तरी कुणाची हरकत येत नाही.

भगदाडाचा विषय आम्ही पुन्हा बैठकीत काढला तेव्हा अपेक्षेप्रमाणं गदारोळ झाला. चोऱ्या होतात, हे पहिलं. ते मी झटकून टाकणार नाही. मागच्या गल्लीत एकट्या राहणाऱ्या काकू रात्री त्या फटीकडं बघून बॅटरी मारतात, आणि त्यांची भीती मला माझ्या तत्त्वांपेक्षा जवळची वाटते. बाहेरची माणसं आत येतात, हे दुसरं. बाहेरची म्हणजे कोण, असं विचारल्यावर दोघेतिघे चहाच्या कपात बघायला लागले. कारण त्यातल्याच एकीनं त्यांचा चहा केला होता. पण खरी अडचण निघाली मोटरसायकलींची. फट थोडी रुंद केली की डिलिव्हरीवाल्यांपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळे शॉर्टकट मारणार, आणि मग चालणाऱ्यांसाठी ठेवलेली वाट चालणाऱ्यांनाच नकोशी होणार. निवृत्त तलाठी अण्णा म्हणाले, "अरुंदच ठेवा की मग. माणूस तेवढा जाईल." तिथं मी उभी राहिले. माझ्या पेशंटपैकी वॉकर घेऊन चालणारे आहेत, एक व्हीलचेअरवर आहे. व्हीलचेअरला ९० सेंटिमीटर तरी लागतात. आणि ९० सेंटिमीटरमधून ॲक्टिव्हा आरामात जाते.

यावर कुणाकडंच उत्तर नव्हतं, आणि मला ते आवडलं. ओपन जिमच्या वेळी सगळ्यांकडं उत्तरं होती.

त्या मुलीनं दोन दिवसांनी उपाय काढला. सरळ फट नको, एकापुढं एक दोन आडव्या भिंती घालायच्या, वाट इंग्रजी झेड अक्षरासारखी वळवायची आणि मध्ये दीड मीटरची मोकळी जागा ठेवायची. व्हीलचेअर दीड मीटरच्या वर्तुळात जागच्या जागी फिरते. ॲक्टिव्हा पावणेदोन मीटरहून लांब, ती अडकणार. भिंती छातीच्या वर नकोत, म्हणजे पलीकडचं दिसेल, आणि वर एक दिवा. दिवा काकूंच्या खिडकीच्या बाजूला. कागदावर हे सुंदर दिसत होतं. अण्णा म्हणाले, कागदावर सगळं बसतं, जमिनीवर काढा. म्हणून संध्याकाळी ओपन स्पेसमध्ये, नव्याकोऱ्या मशीनच्या शेजारी, तिनं चुन्यानं भिंती आखल्या. मशीनवर दोन पोरी लोंबकळत होत्या, एकावर कुणाची तरी चादर वाळत होती. व्हीलचेअरवाले काका आले, त्यांच्या मुलानं ढकलत नेलं, मध्ये वळवलं, चाक रेषेला न लागता बाहेर काढलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काका म्हणाले, पुन्हा एकदा, आता माझा मी जातो.

मग कट्ट्यावरच्या एका पोराला ॲक्टिव्हा घेऊन बोलावलं. त्यानं एकदा सगळ्या आखणीवर नजर टाकली, गाडी आत घातली, मध्ये पाय टेकला, मागचं चाक उचलून खटकन बाजूला ठेवलं आणि पलीकडनं बाहेर पडला. एक रेघ पुसली होती, तीही चपलेनं. सगळे गप्प. मुलगी खाली वाकून टेप लावायला लागली.

"परत ये," ती म्हणाली. "या वेळी उचलायचं नाही."

"उचलणार की वैनी," तो म्हणाला. "भिंत घातली म्हणून काय उचलत न्हाई व्हय? थांबा, बुलेट आणतो, तिच्यावर बघा."

अण्णांनी वही काढली आणि बुलेटची लांबी किती ते विचारलं.